‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती ठिकाणी?

भाऊ, तुम्ही विचारलं की हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ होतं, आपल्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 68 मिमीची नोंद झाली, अन् तुमच्या वावरात धूळसुद्धा बसली नाही. मग खोटं कोण? कोणीच नाही.

‘तुरळक’ हा शब्द पाऊस किती जोराचा हे सांगत नाही, किती जागी पडेल ते सांगतो. जिल्ह्यातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी पंचवीसपर्यंत ठिकाणी पडला तर तुरळक. पन्नासपर्यंत गेला की ‘काही ठिकाणी’. म्हणजे त्या दिवशी कोरडं राहणारं वावरच जास्त. जोर कळतो ‘मुसळधार’ या शब्दावरून: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी. त्याच्या वर 204.4 पर्यंत अति मुसळधार. तुमच्या मंडळाचे 68 त्यात बसतात, पण ते मापक ठेवलंय तिथले. जूनच्या गडगडाटी पावसात नाल्याच्या अलीकडं बैल भिजतो अन् पलीकडचा कोरडा राहतो, हे आपण दरवर्षी पाहतो.

तारखेचाही घोळ होतो. पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला बदलतो. सोमवारी संध्याकाळी पडलेला पाऊस मंगळवारच्या तारखेत लागतो.

मिलिमीटरचं म्हणाल तर सपाट जमिनीवर पाणी मुरलं नाही, वाहिलं नाही, तर जेवढं उभं राहील तेवढी उंची. 1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर, एकराला सुमारे चार हजार लिटर. हे घरी मोजता येतं. मी सरळ भिंतीचा काचेचा डबा धुऱ्यावर खुंटीला बांधतो. तोंड लहान-मोठं असलं तरी चालतं, पण डबा वरून खालपर्यंत सारखा रुंद पाहिजे. बादली खाली निमुळती असते, तिच्यात आकडा फुगतो. झाड जितकं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा. सुरुवातीला मी निंबाखाली बांधला होता, अर्धा पाऊस पानांनीच खाल्ला. सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून वाचा, वहीत लिहा, डबा रिकामा करा.

ही वही पेरणीला फार कामी येते. 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विद्यापीठवाले सांगतात, तो पाऊस तुमच्या वावरात पडलेला धरा. मंडळाच्या 68 वर तिफण काढू नका.