"आधी देश सुधारू दे, बायकांचं मग बघू": बांगलादेशात मी उलटं पाहिलंय

तुमचं म्हणणं असं की गरीब देशाने आधी कारखाने, रस्ते, वीज बघावी, घरात पैसा आला की बायकांची परिस्थिती आपोआप सुधारते. मला हे पटत नाही. मी गारमेंट लाइनमध्ये मर्चंडायझर होते, म्हणजे कंपनीसाठी कपडे बनवून घेणारी, बांगलादेशात ढाका, सावार, गाझीपूरला अकरा वर्षं ये-जा केली, लाइनवर उभं राहून माल चेक केलाय आणि तिथल्या मुलींशी मोडक्यातोडक्या बंगालीत भरपूर गप्पा मारल्यात, त्यावरून सांगते.

बांगलादेश म्हटलं की सगळे गारमेंटपासून सुरुवात करतात. 1979 मध्ये 'देश गारमेंट्स' नावाच्या तिथल्या कंपनीने 130 जणांना दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवलं, तिथून धंदा वाढला, आज निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे, चाळीस लाखांच्या आसपास लोक त्यात काम करतात. सगळं खरं. पण देश पार गरीब होता तेव्हाच दुसऱ्या बाजूने जे काम चाललं होतं ते कुणी सांगत नाही. 1980 ते 90 या दहा वर्षांत ब्रॅक संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवत होत्या, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, बस. एक कोटीहून जास्त घरं केली त्यांनी अशी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिकवणारीला पैसे कसे मिळायचे, तर नंतर दुसरं माणूस जाऊन बघायचं की त्या आईला किती लक्षात राहिलंय, त्यावर. म्हणजे अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईला नीट समजलं का हे कुणीतरी पगाराला जोडलं होतं! सरकारच्याही बायका गावोगाव दारात गर्भनिरोधक गोळ्या घेऊन जायच्या. सत्तरच्या दशकात बाईमागे सहा-सात मुलं होती, ती आता दोनाच्या आसपास आलीत.

मग 1994 पासून ग्रामीण भागात सहावी ते दहावीच्या मुलींना स्टायपेंड. अटी तीन, 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के मार्क आणि लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या नावाच्या बँक खात्यात. काही वर्षांत माध्यमिक शाळेत मुली मुलांच्या पुढे गेल्या. आता सांगा, यातलं काय श्रीमंती आल्यावर झालं? माझ्या मते कारखान्यांना शिकलेल्या, दोनच पोरं असलेल्या, घराबाहेर पडायची सवय झालेल्या बायका मिळाल्या त्या या कामामुळे. उलट बाजूही आहे हं, कारखाना जवळ आला की आसपासच्या गावात मुलींना शाळेत जास्त ठेवतात, कारण हिशोब येणाऱ्या मुलीला चांगलं काम मिळतं. दोन्ही एकमेकांना धरून चाललं.

आपल्याकडे बघा. भारत तेव्हा बांगलादेशपेक्षा श्रीमंत, ग्रोथ जोरात, आणि 2004-05 नंतर बायकांचं कामातलं प्रमाण घसरत गेलं, 2017-18 ला पंधरा वर्षांवरच्या बायकांत 23 टक्क्यांवर आलं. का, तर घरात थोडे पैसे आले की पहिलं सुनेचं मजुरीला जाणं बंद, त्यालाच सुधारलेलं घर म्हणतात. (नंतर आकडा वाढलाय, पण त्यात घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणाऱ्याही खूप आहेत.) क्लॉडिया गोल्डिन, 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या, त्यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात हेच दाखवलंय की शेतीतून कारखान्यांकडे जाताना लग्न झालेल्या बायकांचं काम आधी कमी होतं, वाढतं ते फार नंतर.

आणि बांगलादेशात सगळं छान झालंय असं अजिबात म्हणत नाहीये. 24 एप्रिल 2013 ला सावारमध्ये राना प्लाझा ही गारमेंट कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बायका. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते तरी त्यांना कामावर बोलावलं. अजूनही जवळपास निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. जमिनीत बहिणीला भावाच्या निम्मा वाटा, आणि तोही बऱ्याच जणी माहेर तुटू नये म्हणून सोडून देतात. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखंच, कायदा समान असून सही मात्र बहिणीचीच होते.

शिवाय मिळालेलं टिकतंच असंही नाही. गारमेंटमध्ये एकेकाळी 80 टक्क्यांच्या आसपास बायका होत्या, आता 60 च्या आसपास आल्यात. कसं होतं ते मी एका फॅक्टरीत बघितलं. जीन्सला खिसा लावायचं ऑटोमॅटिक मशीन आलं, ट्रेनिंग ठेवलं रात्री आठनंतर, शिफ्ट सुटल्यावर. नऊ वर्षं खिसेच लावणारी एक बाई होती, तिचा हात इतका साफ की तिचे पीस मी चेक न करता सोडायचे. तिला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता, पोरगं शेजारणीकडे होतं, ती थांबूच शकत नव्हती. मशीनवर पुरुष बसले, पगार त्यांचे वाढले, तिला धागे कापायला हेल्परमध्ये टाकलं. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या युनिटला तेच मशीन आलं, तिथल्या मॅनेजरने ट्रेनिंग दुपारी शिफ्टच्या आतच ठेवलं, तर शिकायला निम्म्याहून जास्त बायका उभ्या होत्या.