पाठ आहे की आवडते?

प्रिय चिऊ,

परवा रात्री तू शाळेचा कवितेवरचा स्वाध्याय घेऊन बसली होतीस. घरातल्या मोठ्या माणसाकडून त्याच्या भाषेतली एखादी लहान कविता ऐकायची आणि तिच्याविषयी लिहायचे, असे तुझ्या बाईंनी सांगितले होते. मी बालकवींची 'औदुंबर' म्हणून दाखवली. आठच ओळी आहेत. त्या मी एका दमात, कुठेही न अडखळता, लहानपणीच्या चालीत म्हटल्या आणि मनातल्या मनात स्वतःचे कौतुकही करून घेतले. तू वहीत काहीच लिहिले नाहीस. पाण्यात पाय टाकून कोण बसले आहे, असे विचारलेस. मी म्हटले, औदुंबर, म्हणजे उंबराचे झाड. मग झाडाला पाय कसे, आणि ते तिथे का बसले आहे, यावर मी काहीतरी पुटपुटले. तेव्हा तू अगदी सरळपणे, टोचावे असा काही हेतू नसताना म्हणालीस, "आई, तुला ही कविता आवडते, की नुसती पाठ आहे?"

त्या वेळी 'उशीर झाला, झोप आता' म्हणून मी दिवा मालवला, पण झोप मलाच आली नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या जळगावच्या घरी दिवेलागणीला परवचा असे. आधी पाढे, मग मनाचे श्लोक. रामदासांचे हे श्लोक २०५ आहेत आणि त्यांतले शंभरएक मला शाळेत जाण्याआधीच येत होते, असे आजी अजूनही सगळ्यांना सांगते. ती हे सांगत नाही, की त्यांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता आणि विचारण्याची सोयही नव्हती. शाळेत एकदा मी अर्थ विचारला, तर गुरुजींनी 'आधी पाठ कर, अर्थ मागून येईल' म्हणून मला तासभर उभे केले. अर्थ खरेच मागून आला, काही श्लोकांचा वीस वर्षांनी. काहींचा अजून यायचा आहे.

पण अर्थाच्या आधी दुसरे काहीतरी आले होते, आणि तेच तुला सांगावेसे वाटते. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ मोठ्याने म्हणून बघ. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. पुन्हा एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. असे चार वेळा, एकूण बारा अक्षरे. या लघु-गुरु-गुरु अशा तीन अक्षरांच्या गटाला य गण म्हणतात आणि चार य गणांच्या वृत्ताला भुजंगप्रयात, म्हणजे सापाची चाल. आम्हांला त्याची व्याख्या शिकवली ती अशी: 'भुजंगप्रयाती य हे चार येती'. गंमत अशी, की ही व्याख्या स्वतःच भुजंगप्रयातात आहे. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी दहा वर्षांची असेन. अप्पांना धावत जाऊन सांगितले, तर ते म्हणाले, "आत्ता कळले होय?" आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले. मला मात्र त्या दिवशी कविता नावाच्या यंत्राचे झाकण कुणीतरी उघडून दाखवल्यासारखे झाले होते.

अप्पांची आवडती एक जुनी आर्या होती. तू त्यांच्या मांडीवर बसून ऐकली आहेस, पण तुला आठवणार नाही.

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची,
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची.

वामन पंडितांचे श्लोक, तुकारामांचे अभंग, ज्ञानेश्वरांची ओवी, मोरोपंतांची आर्या. पाचशे वर्षांची मराठी कविता दोन ओळींत बसवलेली आहे, आणि तीही आर्येच्याच घराण्यातल्या चालीत. इथे अक्षरे मोजायची नसतात, मात्रा मोजायच्या असतात: ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या आघाताच्या अक्षराच्याही दोन. 'सुश्लोक वामनाचा' यात बारा भरतात, पुढच्या तुकड्यात अठरा. दुसऱ्या ओळीत पुन्हा बारा आणि अठरा. अप्पा हे बोटांच्या पेरांवर मोजून दाखवत आणि शेवटचे पेर बरोबर शेवटच्या मात्रेवर आले, की हिशेब जुळलेल्या माणसासारखे हसत. मोरोपंत १७९४ मध्ये बारामतीला वारले. त्यांच्या आर्या वाचताना मला बहुतेक वेळा हेच वाटते, की हिशेब फार सुंदर जुळला आहे. अप्पांना हे मत कधीच पटले नाही.

अभंग मात्र मोजावा लागत नाही, तो चालता चालता मोजला जातो. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया.' सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. दुसरा आणि तिसरा तुकडा यमकाने बांधलेले, आणि चौथा अर्ध्यावर थांबलेला, म्हणजे मागच्या टाळकऱ्यांना ओळ उचलायला जागा मिळते. पंढरपूरच्या वाटेवर शेकडो माणसांनी एकत्र म्हणायची कविता अशीच घडणार. ज्ञानेश्वरीची ओवीही तशीच, साडेतीन चरणांची: तीन चरण यमकात आणि चौथा आखूड. १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, संस्कृतातली गीता मराठीत सांगायला बसलेल्या त्या तरुणाने पंडितांचे वृत्त निवडले नाही, तर बायकांच्या ओठांवर असलेल्या ओवीशी नाते सांगणारा छंद निवडला, याचे मला लहानपणी काहीच वाटले नव्हते. आता फार वाटते.

तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही गोष्ट तुला आजीने सांगितली आहे. अप्पा देवभोळे नव्हते. ते म्हणत, कागद बुडाला असेल, पण लोकांना अभंग पाठ होते, ते कसे बुडणार? माझ्या बाजूने देण्यासारखा याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नाही. चांगल्या ओळी पाठ करणे ही आमच्याकडे हौस नव्हती, ती जपून ठेवण्याची एक रीत होती.

आता मोठ्या आजीविषयी, म्हणजे तुझ्या पणजीविषयी. तिला लिहिता येत नव्हते. मी लहान असताना घरातले जाते फक्त सणासुदीला निघे, पण ते निघाले, की तिच्या तोंडून ओव्या आपोआप सुरू होत, जणू दांड्यालाच त्या बांधलेल्या होत्या. माहेर, भाऊ, पंढरीचा विठ्ठल, मधेच कुणा नातेवाइकाला कोपरखळी. जाते थांबले, की ओवीही थांबे, आणि 'मघाची पुन्हा म्हण' म्हटले, तर तिला ती आठवत नसे. आमच्याच जळगावच्या बहिणाबाई चौधरी अशाच. अक्षरओळख नाही, शेतात आणि चुलीपाशी कविता सुचायच्या, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर.' मोज बघू. आठ अक्षरे, आठ अक्षरे. आता तुकारामांचे 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले' घे. तिथेही आठ आणि आठ. एकाची चाल दुसऱ्याला लावून बघ, चपखल बसते. हे मला कोणत्याही पुस्तकाने दाखवले नाही; पंधराव्या वर्षी भांडी घासताना मी एक गुणगुणत होते आणि नकळत दुसऱ्यात शिरले. दोन्ही पाठ नसत्या, तर हे झालेच नसते.

इथवर मी स्वतःचा बचाव केला, हे माझ्या लक्षात आहे. आता दुसरी बाजू.

अप्पांच्या त्या आर्येत एकही बाई नाही. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई नाही, ज्ञानेश्वरांचा रुसवा काढणारी मुक्ताबाई नाही. मंगळवेढ्याचा चोखामेळा नाही. लावण्या आणि पोवाडे रचणारे राम जोशी, होनाजी, प्रभाकर हे शाहीरही नाहीत. जे सुंदर वृत्तात बसवून पाठ करायला दिले जाते, तेवढेच खरे, असे मूल धरून चालते, मीही चालले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' माझ्या जन्माच्या आधी येऊन गेलेला होता, नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' तर १९६६ चे, पण आमच्या परवच्यात त्यांना जागा नव्हती आणि त्यांची कविता परवच्यात मावणारीही नव्हती. ती मी पुढे वाचली, एकटीने, मनात, डोळ्यांनी.

आणि मर्ढेकर. हा प्रसंग मी कुणाला सांगितलेला नाही. महाविद्यालयात पहिल्या वर्षी 'पिपात मेले ओल्या उंदिर' ही कविता वर्गात वाचायची होती. सोळा सोळा मात्रांची ओळ. मी सवयीने ती चालीत, गोड आवाजात म्हटली. पिंपात बुडून मेलेले उंदीर, लुळ्या पडलेल्या माना, आणि वर माझा मनाच्या श्लोकांचा सूर! वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती पुन्हा हळूहळू, कोरड्या आवाजात वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या गळ्यानेच ती कविता मला ऐकू दिली नव्हती. केशवसुतांनी चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, कवी अनिलांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला, त्यामागे अशीच काही चीड असेल का, असे तेव्हापासून मला वाटत आले आहे: ऐकणाऱ्याने डोलायला लागू नये, थांबावे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की 'औदुंबर' मला पाठ होती म्हणून मी तिला आवडती समजत होते. काल ती कागदावर लिहून काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दिसले, की त्या आठ ओळींत रंग एकामागून एक बदलत जातात: काठांवरची हिरवळ, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे आणि शेवटी काळा डोह. पायवाट गावातून निघते ती त्या डोहाकडेच. जाणकारांनी यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. कुणाला त्यात आयुष्याची वाट दिसते, कुणाला निव्वळ एक चित्र. झाडाला पाय कसे, या तुझ्या प्रश्नाला मी आत्ता एवढेच म्हणेन, की पाण्यात उतरलेली मुळे मी डोळ्यांसमोर आणते, पण 'बसला' या शब्दाने ते झाड माझ्यासाठी माणूस होते, आणि उदास होते. कवी अठ्ठाविसाव्या वर्षात, १९१८ मध्ये, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेला. भुसावळला जाताना अप्पा खिडकीतून तो भाग दाखवत आणि मग बराच वेळ बोलत नसत. कवितेचा त्या मृत्यूशी काही संबंध नाही, हे मला कळते. तरी शेवटची ओळ म्हणताना मला भादलीच आठवते, आणि हे आवडण्यात धरायचे की नाही, ते तू ठरव.

तू यातले काही पाठ करावेस, असे माझे म्हणणे नाही. तुझ्या बाई अर्थ आधी विचारतात, ते मला तुझ्या वयात मिळाले असते तर बरे झाले असते. स्वाध्यायात 'माझ्या आईला उत्तर आले नाही' असे लिहायचे असेल, तर जरूर लिही.

आज सकाळी मी आजीला फोन केला आणि तुझाच प्रश्न विचारला, की पाण्यात कोण बसले आहे. ती म्हणाली, "अगं, झाडच ना, आणखी कोण?" आणि लगेच म्हणायला लागली. आवाज आता थकला आहे, पण चाल तीच, मला दिलेली. पायवाटेपर्यंत आली आणि 'काळ्या डोहाकडे' म्हणून थांबली. तिला पुढचे आठवेना, की तिला तिथे थांबायचेच होते, हे मला फोनवरून कळले नाही. पुढची ओळ माझ्या अगदी जिभेवर होती, पण मी ती सांगितली नाही. थोड्या वेळाने तिनेच उरलेल्या दोन ओळी म्हटल्या, या वेळी चाल न लावता.

तुझी,
आई