आजीच्या ओव्या आणि एएमआरच्या फाइली

प्रश्न : माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. २००८-०९ च्या सुमारास माझ्याकडे साधा बटणांचा मोबाइल होता, त्यात मी तिच्या पुष्कळ ओव्या टेप करून ठेवल्या. आजी आता नाही. मेमरी कार्डातल्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या, पण त्या सगळ्या एएमआर प्रकारच्या आहेत आणि भावाच्या आयफोनवर वाजतच नाहीत. मोबाइलच्या दुकानात दर फाइलमागे पैसे सांगितले. नेटवर एका ठिकाणी फाइल चढवून पाहिली, तर अर्धी ओवी होताच ‘पुढचं हवं असेल तर पैसे भरा’ असं आलं. आत्यांना आणि काकांना पाठवायच्या आहेत. एमपी३ करून देणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर सांगाल का? आवाजही थोडा सुधारता आला तर बरं होईल.
— एक वाचक, तालुका वाळवा

उत्तर : ताई, आधी एक काम करा. त्या एएमआर फाइलींचं जसंच्या तसं एक फोल्डर करा, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर ठेवा. नाव बदलू नका, त्यातलं काही कापू नका. पुढे जे काही कराल ते प्रतीवर करा. ध्वनिसंकलनासाठी माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी पहिलं हेच विचारते की मूळ फाइल कुठे आहे. एमपी३ झाली म्हणून मूळ पुसून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मग त्यांच्यासाठी मला काहीही करता येत नाही.

पैसे मागणाऱ्या त्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका. आजीचा आवाज परक्या माणसाच्या संगणकावर चढवायची गरजच नाही. तुमच्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवूनसुद्धा, हे काम होतं.

त्यासाठी व्हीएलसी घ्या. पॅरिसच्या एकोल सांत्राल या तंत्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हा प्लेअर उभा राहिला आणि २००१ पासून तो सर्वांसाठी खुला आहे. जाहिरात नाही, मुदत नाही, पैसे नाहीत. फक्त तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं आणि ज्यावर भलंमोठं हिरवं बटण असतं, तिथून घेतलं की सोबत नको त्या चार गोष्टी लॅपटॉपमध्ये शिरतात.

व्हीएलसी उघडलं की वर डाव्या कोपऱ्यात ‘मीडिया’ आहे. त्यात ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ निवडा. ‘ॲड’ दाबून आजीची एक फाइल घ्या, खालचं ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ दाबा. आता ‘प्रोफाइल’ची लांबलचक यादी दिसेल. तिच्यात बहुतेक नावं व्हिडिओची आहेत, ती सोडून तळाकडे या. ‘ऑडिओ – एमपी३’ तिथे आहे, पण तुम्ही आधी ‘ऑडिओ – सीडी’ घ्या. त्याने वेव्ह प्रकारची फाइल मिळते. ती कुठे ठेवायची ते सांगा, ‘स्टार्ट’ दाबा, आणि खालची पट्टी शेवटाला पोचेपर्यंत खिडकी बंद करू नका. आवाज ऐकू येणार नाही. ते बरोबरच आहे. पहिली फाइल नीट वाजते याची खात्री झाली की मगच बाकीच्या घ्या.

एमपी३ हवी असताना वेव्ह कशाला, तर एमपी३ करताना दर वेळी आवाजातला थोडा भाग कायमचा गळतो. आधी एमपी३ केली, मग तिच्यातलं खोकणं कापलं, पुन्हा एमपी३ म्हणून जतन केली, की तीच गळती दुसऱ्यांदा होते. वेव्हमध्ये असं काही गळत नाही. कापाकापी वेव्हवर करायची आणि सगळं मनासारखं झाल्यावर अगदी शेवटी, एकदाच, एमपी३ करायची.

आता आवाज सुधारण्याचं. इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण बाजारात नेमकं उलटं सांगतात.

एएमआर हा प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी बनला. तो सेकंदाला आवाजाचे फक्त ८,००० नमुने घेतो. सीडीत ते ४४,१०० असतात. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच पट्टा त्यात नीट राहतो. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. जात्याला पुरत नाही. दळताना येणारी खालची घरघर या पट्ट्याच्या खाली जाते, बांगड्यांची किणकिण वर जाते, आणि ‘स’, ‘श’ जरा बोथट होतात. शिवाय आवाज माणसाच्या गळ्यातून येतोय असं धरूनच एएमआर तो बांधतो. त्यामुळे जात्यासारखा, गळ्यातून न आलेला आवाज खरखरीत आणि थोडा कापरा ऐकू येतो. तुमच्या फाइलींत आजी स्पष्ट आणि जातं मात्र पातळ असं वाटत असेल, तर त्याचं कारण हे आहे. टेप करण्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

जे टिपलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. अर्ध्या तासाची तुमची एएमआर फाइल ३ एमबीच्या आत असेल. तीच १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट वापरणारी) एमपी३ केली तर जवळजवळ २९ एमबी होईल, आणि आवाज तसूभरही वाढणार नाही. ‘३२० केबीपीएस, उत्तम दर्जा’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. एकट्या आवाजाला ६४ केबीपीएस, मोनो (डावा-उजवा वेगळा न ठेवता एकच आवाज), भरपूर झालं. आत्यांच्या फोनमध्ये जागाही कमी लागेल.

कापाकापीसाठी ऑडॅसिटी घ्या. तेही फुकट, तेही खुलं. सुरुवातीची खुडबुड, शेवटी ‘झालं का गं?’ असं कुणी विचारलेलं, हे सगळं त्यात रेघोट्यांसारखं दिसतं. नको तो भाग माउसने निवडायचा आणि पुसायचा. खरं तर ‘झालं का गं’ मी ठेवीन, पण तो तुमच्या घरचा प्रश्न. आवाज बारीक असेल तर ‘इफेक्ट’मध्ये ‘ॲम्प्लिफाय’ आहे, त्याने वाढवा. मग ‘एक्स्पोर्ट’मधून एमपी३. जुन्या लेखांत त्यासाठी ‘लेम’ नावाचा भाग वेगळा उतरवायला सांगतात. आता तो आतच येतो. ऑडॅसिटीला एएमआर थेट दिली तर मात्र ती एफएफएमपेग नावाचा आणखी एक भाग मागते, म्हणून मी तुम्हाला व्हीएलसीवरून आणलं.

त्याच ‘इफेक्ट’ यादीत ‘नॉइज रिडक्शन’ दिसेल. ताई, हात जोडून सांगते, ते ओव्यांवर चालवू नका. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढंच त्याला कळतं. पंख्यासाठी, ट्यूबलाइटच्या गुंजनासाठी ते चांगलं काम करतं. पण तुमच्या फाइलीत एकसारखा चालणारा आवाज जात्याचा आहे. आजी ज्या लयीवर शब्द टाकत होती ती लय त्या घरघरीत आहे. खुंटा पुढे जाताना आणि मागे येताना ओवी कशी तुटते ते तिथेच ऐकू येतं. आधीच पातळ झालेलं जातं आपल्या हातांनी पुसलं तर आजी एका रिकाम्या खोलीत गातेय असं वाटेल.

आणखी एक. प्रत्येक फाइलीबरोबर वहीत लिहून ठेवा की कोण गातंय, दुसरा खुंटा कुणी धरला होता, कुठलं गाव, दळण रोजचं की लग्नाच्या हळदीचं. ऐकू येतील तेवढे शब्दही उतरवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे. म्हणून आज ती ओवी कुणाची हे सांगता येतं. तुमच्या आत्यांना अजून आठवत असेल तोवर विचारून घ्या. हे काम फाइली बदलण्याच्याही आधी केलंत तरी चालेल.

पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल आहे तशी पोचते.

प्रश्न : फोनवर टेप केलेली भजनं एमफोरए प्रकारात आहेत. नावातलं शेवटचं बदलून एमपी३ लिहिलं तर काम होतं, असं मित्र म्हणतो. शंभरेक फाइली आहेत.

उत्तर : होत नाही. नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो. काही प्लेअर आतलं ओळखून वाजवतात, म्हणून मित्राला झालं असं वाटलं असेल. दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल मुकी राहील. शंभर फाइलींसाठी व्हीएलसी कंटाळवाणं आहे. ‘फ्री ऑडिओ कन्व्हर्टर’ या शब्दांवरून नाव पडलेलं एक सॉफ्टवेअर आहे. नाव लिहिताना एफ-आर-ई, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग ए-सी असं लिहितात. त्यात अख्खं फोल्डर एकदम टाकता येतं. तेही खुलं आणि फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एमफोरए फाइली मात्र जपा. तुमच्यासाठी मूळ त्याच.

प्रश्न : वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटी आहेत. त्या संगणकात घेता येतील का?

उत्तर : येतील. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकात) साधी ३.५ मिमीची वायर जोडा आणि ऑडॅसिटीत ४४,१०० हर्ट्झवर, म्हणजे सीडीसारखे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन, टेप करा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, टेपरेकॉर्डरचं बटण मध्यावर ठेवा. ६० मिनिटांची कॅसेट वेव्हमध्ये सव्वासहाशे एमबीच्या आसपास जाते. जागेची अडचण असेल तर फ्लॅक प्रकारात ठेवा. आकार बराच कमी होतो आणि आवाजातलं काहीही गळत नाही. कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या.

प्रश्न : एमपी३ करून पेनड्राइव्हवर घेतल्या, पण टेम्पोतल्या जुन्या प्लेअरला त्या दिसत नाहीत.

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा, जुने प्लेअर बहुधा तेवढंच वाचतात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आधी प्रत काढा. फाइलींची देवनागरी नावं अशा प्लेअरवर प्रश्नचिन्हांसारखी दिसतात आणि क्रमही बिघडतो. नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत दोन अंकी क्रमांक घाला आणि पुढचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा.