फ्रीजरमागे बर्फाची भिंत

प्रश्न : फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड बर्फ साचतो, खाली दूध नासतं. गॅस भरावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. गॅस कमी असला की बर्फ बहुधा कॉइलच्या (पत्र्याआडच्या थंड नळीच्या) एकाच भागावर धरतो. सगळी कॉइल सारखी झाकली असेल, तर डीफ्रॉस्ट, म्हणजे हीटरने अधूनमधून बर्फ वितळवणं, बंद पडलंय.

प्लग काढून दार उघडं ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बर्फ लवकर सुटतो. सुरीने मात्र खरवडू नका, नळी फुटली की गॅसचा खर्च खरंच येईल.

मग मल्टिमीटरने (रेझिस्टन्स मोजायच्या यंत्राने) डीफ्रॉस्टचे भाग तपासा. गोल बायमेटल सेन्सर (थंडीत सर्किट जोडणारा स्विच) खोलीच्या तापमानाला खुला, म्हणजे सर्किट तुटलेलं, दिसतो. तो शेजारच्यांच्या फ्रीजरमध्ये तासभर ठेवून लगेच मोजा : सर्किट जोडलं नाही तर तो गेला. त्याऐवजी थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) असेल तर बर्फाच्या पाण्यात त्याचा रेझिस्टन्स २५ अंशांच्या मानाने साधारण तिप्पट व्हायला हवा. हीटरही तपासा, १५० वॉटचा सुमारे ३५० ओहम दाखवतो. थर्मल फ्यूज (फार तापलं की सर्किट तोडणारा) उडाला असेल तर बदला, तार जोडून चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

नवा सेन्सर त्याच रेटिंगचा आणा आणि जुन्याच्याच जागी, नळीला घट्ट क्लिप करा. सैल बसला तर हवेचं तापमान वाचतो. जोडांवर हीट-श्रिंक नळी चढवा, नाहीतर ओल शिरून तोच बिघाड परत येतो.