रिपोर्टमध्ये व्हायरस नाही, मग गोळी कशाला?

प्रश्न: मॅडम, मी नागपूरचाच, इतवारीत दुकानावर कामाला आहे, नाव छापू नका. 2017 पासून एचआयव्हीची गोळी घेऊन राहिलो, मेडिकल कॉलेजच्या एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीची औषधं देतात तिथून). मागचे सगळे व्हायरल लोडचे रिपोर्ट 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आले. मोठा भाऊ म्हणते का जे रक्तातच नाही त्याच्यासाठी रोज गोळी काहून खातो, लिव्हर खराब होईन, सहा महिने बंद करून पाहा. इकडे मोबाइलवर वाचलं का गोळी चालू असली तरी व्हायरस आत वाढतच राहते. मग गोळी करते तरी काय?

उत्तर: दादा, पहिले भाऊसाहेबांचं. बंद करून पाहायचं काम झालेलं आहे, तुमच्यावर नको. 'स्मार्ट' नावाची मोठी ट्रायल होती, 33 देशांतले साडेपाच हजारच्या जवळपास पेशंट, त्यात अर्ध्या लोकांची औषधं सीडी4 (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) बरा आहे तोवर बंद ठेवत होते. 2006 मध्ये निकाल छापून आला, तर बंद ठेवणाऱ्यांमध्ये गंभीर इन्फेक्शन किंवा मृत्यू अडीच पटीहून जास्त. ट्रायल मधेच थांबवावी लागली.

आता रिपोर्ट. व्हायरल लोड मोजतात तो रक्तात मोकळे फिरणारे व्हायरसचे कण, पेशीच्या आत काय बसलंय ते त्यात दिसतच नाही. आणि हा व्हायरस रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे सीडी4 पेशीत घुसला की आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो डीएनए सरळ पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो, मग ती पेशी आहे तोवर तो तिथेच. पहिले डॉक्टरांनाही वाटायचं की पेशंट आठ-दहा वर्षं ठणठणीत असतो तेव्हा व्हायरस झोपलेला असतो. 1995 मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ या संशोधकांच्या टीमनी पेशंटना औषध देऊन व्हायरस किती झपाट्याने पडतो ते मोजलं तेव्हा कळलं, झोपबीप काही नाही, रोज बनतो आणि रोज मरतो, पुढच्या वर्षीच्या हिशोबात आकडा निघाला दिवसाला सुमारे 1000 कोटी कण!

अशा व्हायरस बनवणाऱ्या पेशी एक-दोन दिवसांत मरतात. पण व्हायरस शिवलेल्या थोड्या पेशी मरत नाहीत, त्या शांत होऊन बसतात. या मेमरी पेशी, जुनं इन्फेक्शन वर्षानुवर्षं लक्षात ठेवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे आयुष्यही लांब. 1997 मध्ये गोळी नीट घेणाऱ्यांच्या शरीरातही त्या सापडल्या. त्यांची संख्या निम्मी व्हायलाच साधारण 44 महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांच्या गप्पा मला ऐकवू नका.

मोबाइलवर वाचलेलं अर्धं खरं आहे. ही मेमरी पेशी कधीकधी दुभंगते, तेव्हा सगळ्या डीएनएची कॉपी होते आणि व्हायरसचा तुकडाही त्याच गठ्ठ्यात झेरॉक्स होऊन निघतो, दोनाच्या चार, चाराच्या आठ. इथे व्हायरसचं कोणतंच एन्झाइम (कॉपी आणि शिवण करणारं त्याचं प्रोटीन) लागत नाही, आणि आपली गोळी तर त्याच एन्झाइमवर चालते (तिच्यातले टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन डीएनए बनू देत नाहीत, डोल्यूटेग्राव्हिर शिवू देत नाही), म्हणजे तिला अडवायला काही उरतच नाही. एचटीएलव्ही-1 नावाचा याचा चुलतभाऊ मुख्यतः असाच पोट भरतो, म्हणून तो वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. एचआयव्हीचं तसं नाही, स्वतःच्या एन्झाइमने लिहितो आणि लिहिताना चुका करतो, दर तीनेक कॉप्यांमागे एक. गोळ्या चुकायला लागल्या की नवीन पेशी पकडल्या जातात, त्या चुकांतली एखादी गोळीला पुरून उरते, आणि मग लाइन, म्हणजे औषधांचा संचच बदलावा लागतो. रोज घेतली तर नवीन पेशी पकडली जात नाही, आणि लोड असा दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. गोळी करते ते हे.

आत बसलेल्या कॉप्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त तुटक्या-फुटक्या असतात, खरा व्हायरस त्यातून निघत नाही. पण एक धड असली तरी पुरते. अमेरिकेत मिसिसिपीत एक बाळ होतं, जन्मानंतर 30 तासांतच औषध सुरू केलेलं, दीड वर्षाचं असताना बंद पडलं. तब्बल 27 महिने रक्तात व्हायरस नाही, सगळे म्हणाले बरं झालं, आणि 2014 मध्ये परत दिसला. मोठ्या माणसांत तर बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांतच वर येतो.

राहिलं लिव्हर. लक्ष खरं तर किडनीवर ठेवावं लागतं, टेनोफोव्हिरमुळे, म्हणून सेंटरवर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) सांगितलं की टाळू नका, आणि अंगदुखीसाठी रोज पेनकिलर खात असाल तर तेही तिथे सांगा. आणि भावाला हेही ऐकवा की टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या व्हायरसलाही दाबून ठेवतात, एखाद्याला तो असेल तर गोळी अचानक बंद केल्यानेच लिव्हर भडकू शकतं. तुमची ती टेस्ट झालीय का, पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा कार्डावर बघून घ्या.