मोठ्या वयातही मनातल्या मनात काहीतरी मागावंसं वाटतं, हा पोरकटपणा आहे का?

तुम्ही लिहिलंय की तिशी उलटली तरी तारा तुटताना दिसला की डोळे मिटून काहीतरी मागावंसं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटून घेऊ नका. मागत राहा.

तो तारा नसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या आसपास ययाती तारकासमूहातून उल्का पडताना दिसतात. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे सोडलेले ते कण, बरेचसे वाळूच्या दाण्याएवढे. सेकंदाला सुमारे ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि संपतात. तो कण आपलं ऐकत नाही. पण त्या क्षणात 'मला काय हवंय?' याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं, आणि मोठ्या माणसाला हा प्रश्न एरवी कोण विचारतं?

लहान मुलाकडे उत्तर तयार असतं. आपल्या तोंडी पटकन येतं ते 'सगळं नीट राहू दे', 'कुणी आजारी पडू नये', 'नोकरी टिकू दे'. नीट पाहिलं तर यातली बरीचशी मागणी म्हणजे भीती आहे. भीती वाटण्यात गैर काहीच नाही, जबाबदाऱ्या आल्या की ती येतेच. पण तिच्याखाली स्वतःला हवी असलेली एखादी गोष्ट दबून गेलेली असते: पुन्हा गाणं शिकायचंय, तुटलेली मैत्री सांधायचीय, एकटीने प्रवास करायचाय. ती वर यायला वेळ लागतो. म्हणून पहिली इच्छा मागून झाली की मी थोडी थांबते आणि दुसरी शोधते. बहुतेकदा खरी तीच असते.

एक सावधगिरी मात्र हवी. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी थॉमस वॅडन यांच्यासोबत १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण सगळं कसं छान आणि सहज होईल याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. नुसत्या कल्पनेतच मन तृप्त होतं आणि अंगातला जोर ओसरतो, असं त्यांच्या पुढच्या कामातूनही दिसलं. त्यांचा उपाय मला पटतो: इच्छा मनात आणायची आणि लगेच आपल्या आतला अडथळा शोधायचा. गाणं शिकायचंय, पण संध्याकाळी दमून मी फोन घेऊन पडते. मग ठरवायचं, घरी आल्यावर फोन हातात घ्यावासा वाटला की आधी तानपुरा लावायचा.

हे सगळं आपल्या हातातल्या गोष्टींबद्दल झालं. आईचं दुखणं थांबावं, दूर गेलेला भाऊ सुखात असावा, अशा इच्छांना मी हा हिशेब लावत नाही. त्या तशाच मागते, पुन्हा पुन्हा. ज्या माणसावर जीव आहे त्याच्यासाठी मनात काहीतरी मागितलं जाणारच, मग तुमचं वय काहीही असो.