इंग्लंडमधले हिलफोर्ट खरंच पाहण्यासारखे असतात, की नुसत्या मातीच्या टेकड्या? सह्याद्रीतले गड पाहिलेल्याने त्यासाठी एक दिवस घालवावा का?

घालवावा. हिलफोर्ट म्हणजे टेकडीभोवती मातीचे तट आणि खंदक घालून केलेले लोहयुगातले किल्ले. आणि एकच दिवस हाताशी असेल तर दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरजवळचा मेडन कॅसल बघा, दुसरा शोधत बसू नका.

'नुसत्या मातीच्या टेकड्या' हे मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. ताई आणि दाजी आमच्याकडे डॉर्सेटला आले होते, तेव्हा मी हौसेने त्यांना तिथे नेलं. दाजी प्रवराकाठचे शेतकरी. हरिश्चंद्रगड, रतनगड तरुणपणी पालथे घातलेले. पार्किंगमध्ये उतरले, समोर हिरवे उतार आणि मेंढ्या. म्हणाले, "किल्ला कुठंय? शेताचे बांध दाखवायला एवढं पेट्रोल जाळलं होय?"

मी काही न बोलता त्यांना पश्चिमेच्या दरवाजाने वर नेलं. दरवाजा म्हणजे आज कमान नाही, चौकट नाही. मातीच्या तटांमधून जाणारी वाट तेवढी उरली आहे. पण ती वाट सरळ वर जातच नाही. समोर तट आडवा येतो, वळावं लागतं. वळलं की दुसरा तट. काही ठिकाणी तट सहा-सहा मीटर उंच, त्यामुळे पुढचं काही दिसत नाही आणि डोक्यावर मात्र दोन्ही बाजूंनी कोणीही उभं राहू शकतं. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड दडवलाय तो कशासाठी? डोकं तेच चाललंय, फक्त दोन हजार वर्षं आधी आणि दगडाऐवजी माती-खडूत.

मग मी त्यांना गोफणीचं सांगितलं. पूर्वेच्या दरवाजाजवळ उत्खननात एका खड्ड्यात वीस हजारांहून जास्त गोफणगुंडे सापडले, चेसिलच्या समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले गुळगुळीत गोटे. दाजींनी लहानपणी ज्वारीच्या मळ्यात माचाणावरून गोफण फिरवलेली. ते तटाच्या कडेला गेले, खाली खंदक बघितला, पलीकडचा तट बघितला आणि म्हणाले, "इथून खालच्याला चुकायचा नाही. खालून वर मारणाऱ्याचा मात्र जोरच पुरायचा नाही." एकामागे एक इतके तट का, हे त्या माणसाला कुठल्याही माहितीफलकाशिवाय कळलं. माथ्यावरची एकोणीस हेक्टरांची सपाटी तर ते नांगरटीच्या हिशोबातच मोजत होते.

आणि एवढं होऊन गावी परतल्यावर सगळ्यांना सांगितलं काय, तर "मेव्हणीनं मातीचे ढिगारे दाखवले." आजही लग्नकार्यात भेटले की तेच.

म्हणून इथे लिहिते. दाजींच्या गावापासून जोर्वे काही लांब नाही. तिथलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाडही मातीच होतं. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि तिथल्या खापरांवरून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण काळातल्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळालं. ते उत्खनन करणाऱ्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया होते. आणि लंडनला शिकत असताना सांकलियांनी खोदकामाचे धडे गिरवले ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली, याच मेडन कॅसलवर. ज्याला या मातीत काही दिसत नाही, त्याला आपल्या गावच्या पांढरीतही दिसणार नाही. आपल्याकडे लोक गढीची माती गाड्या भरभरून शेतात नेतात आणि वर गडांचा अभिमान सांगतात, याचा मला मनापासून संताप येतो.

व्हीलरबद्दल एक सांगायलाच हवं. १९३४ ते ३७ या काळात त्याने इथे खोदलं. पूर्व दरवाजापाशी सापडलेल्या सांगाड्यांवरून त्याने इ. स. ४३ च्या रोमन स्वारीतल्या एका भीषण लढाईचं चित्र उभं केलं. ते चित्र अजून लोक तोंडपाठ सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. २०२५ मध्ये बॉर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या हाडांच्या नव्या कालमापनावरून दाखवलं की ही माणसं एका दिवसात मेलेली नाहीत; हे मृत्यू काही पिढ्यांमध्ये विखुरलेले आहेत. खुणा हिंसेच्याच आहेत, पण बऱ्याचशा आपसातल्या मारामारीच्या असाव्यात.

आता तुमच्या कामाचं. लंडन वॉटर्लूहून डॉर्चेस्टर साउथला थेट गाडी आहे, साधारण पावणेतीन तास. तिथून किल्ला तासाभराच्या आत चालत गाठता येतो. तिकीट नाही. आधी गावातलं डॉर्सेट म्युझियम बघा, मणक्यात लोखंडी टोक रुतलेला सांगाडा तिथेच आहे.

राजगडासारखं छाती दडपणारं काही इथे नाही, हे मात्र मान्य. कडा नाही, टाकं नाही, बालेकिल्ला नाही. कड्यांसाठीच गड चढत असाल तर कदाचित हिरमोड होईल. वर आडोसा नसल्याने वारा झोडपून काढतो आणि पावसात खडूची माती फार निसरडी होते, तेव्हा चांगले बूट घाला. खायचं-प्यायचं बरोबर न्या. आणि पूर्वेकडे रोमन काळातल्या देवळाचा पाया दिसतो तिथपर्यंत गेल्याशिवाय खाली उतरू नका. बरेच जण पश्चिम दरवाजातून आत येतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात.